मागून आणलेला विस्तव

पाहुणेहो, ज्याच्याशी तुमचा अबोला आहे, त्याच्या दारी हात पसरून उभे राहण्याची तुमची तयारी आहे काय? नसेल, तर मार्गशीर्ष अमावास्येला या कारवंडी गावात मुक्काम करू नका. त्या दिवशी येथील प्रत्येक घर, एकामागून एक, आपल्या पाळीला आपली चूल पाणी शिंपडून विझवते. नवा विस्तव आगपेटीने पेटवायचा नाही, स्नेह्याच्या घरूनही आणायचा नाही. वर्षभरात ज्या घराशी मन दुखावले असेल, त्याच घरी खापराचा तुकडा घेऊन जायचे आणि निखारा मागायचा. जाखमातेच्या देवळासमोर हे तीन काळे दगड दिसतात ना, ती सगुणेची चूल. या रिवाजाचे मूळ तिच्यापाशी आहे.

सगुणा मोठ्या घरची, नेमाधर्माची बाई होती, असे सांगतात. तिच्या भिंतीला भिंत लावून तिच्या चुलत जावेचे, ठकूचे, घर होते. एका जत्रेत देवीच्या ओटीचा पहिला मान ठकूला मिळाला. ठकू वडील जाऊ, तेव्हा मान तिचाच. परंतु सगुणेला तो अपमान वाटला. त्या दिवसापासून तिने ठकूशी बोलणे टाकले. एका बाजूला घातलेली फोडणी दुसऱ्या बाजूला ठसक्याने कळे, इतकी ती भिंत पातळ होती. पण शब्द म्हणून पलीकडे जात नसे.

त्या काळी आगपेटी नव्हती. राखेखाली निखारा जपावा, तो विझला तर शेजारून आणावा, अशी रीत होती. विस्तव आणि पाणी मागितले, तर कोणी कोणाला नाही म्हणत नसे. वैर असले तरी नाही. सगुणेला हे ठाऊक होते, म्हणून तिने मार्गशीर्षात एक व्रत धरले: महिनाभर चुलीतला विस्तव उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. असे व्रत कोणत्या पोथीत नव्हते, कोणा वडीलधाऱ्याने सांगितलेले नव्हते. कधीतरी ठकू दाराशी येईल आणि तेव्हा आपल्याला नाही म्हणता येईल, एवढ्यासाठीच ते रचलेले होते. माणूस आपल्या रागाला देवाचे वस्त्र नेसवतो, तेव्हा तो राग फार सोज्वळ दिसतो.

अमावास्येच्या दिवशी म्हणे अवेळी गारांचा पाऊस झाला. ठकूच्या घराचे छप्पर फाटले आणि चुलीत पाणी शिरले. घरात तिची सून देवका ओली बाळंतीण होती. देवकेला माहेर नव्हते, म्हणून बाळंतपण सासरीच झाले होते. गावातली बाकीची घरे ओढ्यापलीकडे, आणि ओढा भरून वाहत होता. दिवेलागणीला ठकू खापर घेऊन सगुणेच्या दारात आली.

"सगुणा, पोरगं गारठलंय. शेकाला दोन निखारे दे."

"माझं व्रत आहे, वहिनी. विस्तव उंबऱ्याबाहेर जात नाही."

"असलं व्रत कुणी सांगितलं गं तुला?"

"देवीनं."

ठकूने खापर पुढे केले. "ओटीचा मान हवा ना? घे, जन्मभर तूच घे. पण निखारा दे."

चूल सगुणेच्या पाठीशी रसरसत होती. ठकूला ती दिसत होती. सगुणेचा हात चिमट्याकडे गेला, असे सांगतात. परंतु तोंडून देवीचे नाव गेले होते. आता निखारा दिला तर खोटे उघडे पडणार, ही लाज तिला आडवी आली. पापाची लाज वाटायची, त्याऐवजी ते उघडे पडण्याची लाज वाटली. तिने दार ओढून घेतले.

भिंतीपलीकडे मूल रडत होते. सगुणा चुलीपाशी बसून जप करीत राहिली. काही वेळाने रडे बारीक झाले, मग थांबले. झोपले असेल, असे तिने स्वतःला सांगितले. मग देवकेचा हंबरडा आला.

सकाळी सगुणेने राख उकरली. खाली निखारा नव्हता. ओढा उतरल्यावर ती घरोघर गेली. लोकांनी विस्तव दिला, पण तो तिच्या उंबऱ्याशी येताच काळा पडे. अखेर ती देवळात आली आणि व्रत खोटे होते, हे तिने सर्वांदेखत सांगितले. गुरवाने देवीला कौल लावला. कोणाच्या विस्तवाने ही चूल पेटेल, असे एकेक घराचे नाव घेऊन विचारले. मूर्तीला लावलेले फूल हलेना. ठकूचे नाव घेतले, तेव्हा ते उजवीकडे पडले.

सगुणा त्या दारात गेली. अंगणात बाळाची दुपटी वाळत होती. तिला मागता येईना. तिने नुसते खापर पुढे केले. ठकूने ते भरले आणि एवढेच म्हणाली, "झाकून ने. वारा आहे."

हे बोल शिवीपेक्षा जड होते. विस्तव पेटला, पण सूर्य मावळताच विझला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोज सकाळी सगुणेने त्या दारात उभे राहायचे आणि ठकूने, आणि ती गेल्यावर देवकेने, खापर भरायचे, असा क्रम पडला. त्यांनी कधी नाही म्हटले नाही. म्हटले असते, तर सगुणेला हलके वाटले असते.

गावाने हे वर्षानुवर्षे पाहिले आणि धडा घेतला. देहाला अन्न लागते तसे घराला शेजारही लागतो. अबोला हा उपवास नव्हे, उपासमार आहे. आजही अमावास्येला येथे वैरी वैऱ्याच्या दारी जातो, आणि निखाऱ्याबरोबर चार शब्द घेऊन परततो.

सगुणा म्हातारी होऊन गेली, ती भर दुपारी. सरणासाठी विस्तव मृताच्याच घरातून मडक्यात न्यायचा असतो. प्राण जाताच तिची चूल विझली होती. तेव्हा तिचा मुलगा रिकामे मडके घेऊन शेजारच्या दारात उभा राहिला, आणि सगुणेचा देह देवकेच्या चुलीतल्या, मागून आणलेल्या विस्तवाने जळाला.