विळेबुवांचा धडा

अवजारंही शाळेत जात, तेव्हाची ही गोष्ट. पडवीतल्या शाळेत विळेबुवा शिकवायचे. ते खुंटीवरून कधी खाली उतरत नसत. “मातीनं लोखंड मळतं, ते धुतलं की जातं. गंजानं लोखंडाचं लोखंडपणच जातं,” एवढं ते रोज शंभरदा घोकून घेत.

एके सकाळी खुरपी मळ्यातून आली. तिच्या पात्यावर लाल डाग होता.

“गंज!” विळेबुवा वरूनच गरजले. “आज भंगारवाला येतोय. हिला देऊन टाका.”

खुरपी दाराजवळच्या पाण्याच्या बादलीकडे वळली. “बुवा, एकदा पाण्यात बुडी मारून बघू?”

“पोरी, धडा पाठ करायचा असतो. तो भिजवायचा नसतो!”

तेवढ्यात लांबून भंगारवाल्याची आरोळी आली. खुरपीनं सरळ बादलीत उडी घेतली. पाणी लाल झालं आणि पातं लखलखलं. डाग मळ्यातल्या तांबड्या मातीचा होता.

कोपऱ्यातली पहार खो खो हसली. “आता बुवांच्या तांबड्या पात्याचंही बघू की!”

“माझं काय बघायचंय? हे वयाचं तेज आहे,” बुवा म्हणाले. पण पहारीनं खुंटी हलवून त्यांना खाली उतरवलंच. खुरपीनं आधी त्यांना पाण्यात बुडवलं. काही निघेना. मग तिनं विटेचा तुकडा हलकेच फिरवला. तांबडे पापुद्रे गळाले आणि पात्याच्या भोकातून पलीकडचं अंगण दिसलं.

“पोरी,” बुवा चाचरले, “मातीच आहे ना गं?”

खुरपीनं वीट खाली ठेवली. “धडा तुम्हीच शिकवलात, बुवा.”

भंगारवाला दारात पोतं उघडून उभा होता.