सातव्या हंड्याची भाकरी

वडकोंडच्या वरच्या वाडीमागे काळा कातळ आहे आणि त्यात परातीएवढा एक खळगा. खळग्याचा तळ काताच्या रंगाचा. कितीही पाऊस पडला तरी तो रंग जात नाही. पाहुणे आले की गावचे भिवा गुरव त्यांना तिथे नेतात आणि आधी चपला काढायला लावतात. "इथं देव नाय," ते सांगतात, "इथं आमच्या बायकांनी पानी वतलंय." मग खाली बसून सगळी हकीकत सांगतात.

लढाईचे दिवस होते. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला होता. शिधापत्रिकेवर मिळे त्यात निम्मे खडे, आणि वैशाखात तेही मिळेनासे झाले. नेमकी तेव्हाच ठकू गोताडची सून बाळंत झाली. मुलगी झाली.

ठकूइतकी काटकसरी बाई पंचक्रोशीत नव्हती म्हणे. दोडक्याच्या शिरांची ती चटणी करी, कलिंगडाच्या सालींची भाजी करी, भाताच्या पेजेचा थेंब वाया जाऊ देत नसे. त्या वर्षी फणसही धरला नव्हता. उरल्या होत्या त्या तिने वळचणीला वाळत टाकलेल्या आंब्याच्या कोयी. त्या फोडून, आतला गर कुटून भाकरी करायची, असं तिने ठरवलं. हा गर जात्याच कडू-तुरट. त्याचं पीठ भिजत घालून पाणी पुन्हा पुन्हा बदलावं लागतं. पण पाणी होतं डोंगराच्या पायथ्याशी, आणि घरटी दिवसाला एकच हंडा. तो ओतून टाकायचा म्हणजे ठकूच्या जिवावर आलं. तिने पहिलं पाणी गाळून घेतलं आणि तेच पुन्हा वापरलं, एकदा नव्हे, तीनदा.

भाकरी तोंडात धरवेना. सुनेने सासूच्या धाकाने दोन घास गिळले आणि लगेच उलटून टाकले. दुसऱ्या दिवशी तिचं दूध आटलं. तान्ही रडून रडून गप्प झाली, तेव्हा मात्र ठकूचा धीर सुटला. पिठाचं भांडं पुढ्यात घेऊन ती ओटीवर मोठ्याने रडायला लागली.

तिच्याखेरीज वाडीत सात घरं. रडणं ऐकून एकेका घरातली बाई आपला दिवसाचा हंडा घेऊन येऊ लागली. पीठ धुवायचं, कडवट पाणी कातळातल्या खळग्यात ओतायचं, पुढचा हंडा रिता करायचा. अशी सहा घरांची सहा पाणी झाली. ठकूने चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. तुरटपणा अजून होताच.

उरलं एकच घर, जैतूचं. दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरच्या आंब्यावरून दोघींचं भांडण झालेलं, अकरा वर्षं अबोला. ठकू उठली, भांडं काखेत घेऊन गडग्यापाशी गेली. पलीकडे जैतू कमरेवर हंडा घेऊन उभीच होती. ती केव्हापासून उभी होती, देव जाणे.

"वयनी, तोंड उघडू नको," जैतू म्हणाली. "पीठ फुडं कर."

त्या पाण्याने पिठाचा तुरटपणा गेला. ठकूने भाकरी थापली, पहिला तुकडा मोडून जैतूच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "पानी राखीत बसले नि पोर घालवत हुते मी. तुमी सगळ्यांनी वाचवलीत गो तिला." सून पोटभर जेवली. तिसऱ्या दिवशी तिला पान्हा फुटला, असं सांगतात.

आजही वाडीत बाळ जन्मलं की पाचवीला सात घरचे सात हंडे येतात. आता दारात नळ आहेत, दुकानात तांदळाच्या गोण्या आहेत; तरी मूठभर कोयीचं पीठ सात पाण्यांनी धुतात आणि ते पाणी खळग्यात नेऊन ओततात. सातवा हंडा मात्र ज्या घराशी अबोला आहे तिथलाच लागतो. तो मागायला बाळाच्या आजीने स्वतः जायचं आणि भाकरीचा पहिला तुकडा त्या बाईला भरवायचा. ज्यांचं कुणाशीच वाकडं नाही त्यांची फार पंचाईत होते, असं गुरव हसत सांगतात. पण अशी घरं थोडी. शेजारच्या घरी दिवस भरत आले की अबोल्यातली बाई आपला हंडा चिंचेने लखलखीत घासते, भरून ओटीवर ठेवते आणि हाक कधी येते याची वाट बघत बसते.