भोपळ्या तारा आणि डालग्याखालचे दिवे

बाळ्या, आधी तो गच्चीवरचा दिवा मालव बघू. मालव म्हणते मी, 'विझव' नाही म्हणायचं. का ते कळेल गोष्टीत. तनू, पाय आत घे, डास फोडून खातील. हां, आता कसं! हूं म्हणायला एकाने जागं राहिलं तरी पुरे, दुसऱ्याने खुशाल झोपावं.

तर एकदा काय झालं, दक्षिणेच्या आभाळात, अगदी समुद्राच्या डोक्यावर, एक तारा होता. बाकीच्या चांदण्या कशा, वाटाण्याएवढ्या. आणि हा? हा भलामोठा, तांबूस, गरगरीत. चांदण्या त्याला चिडवायच्या, "ए भोपळ्या, सरक तिकडे!" बिचारा मनाने गरीब, पण अंगाने आडवा. त्याला तो तरी काय करणार?

त्याच्या खाली समुद्रकाठी एक गाव होतं, शिंपलेवाडी. भोपळ्याचा उजेड तिथे इतका पडायचा, इतका पडायचा, की रात्र म्हणून व्हायचीच नाही. कोंबडे भलत्या वेळी आरवायचे. मोठी माणसं डोक्यावरून घोंगडं घेऊन कशीबशी झोपायची. पण तान्ह्या पोराने काय करावं?

त्या गावात येसू नावाची एक मुलगी होती. तुझ्याएवढीच, तनू, आणि तुझ्यासारखीच चौकस. हे असं का, ते तसं का, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. तिला एक तान्हा भाऊ झाला. पण या भोपळ्याच्या उजेडाने बाळाचा डोळा काही लागेना. रडून रडून त्याचा आवाज बसला. मग दूधही पिईना. पोर वाळत चाललं. आई त्याला मांडीवर घेऊन हलवायची आणि स्वतःच रडायची.

येसूला ते बघवेना. मग काय केलं तिने? गेली तडक समुद्रावर, हात कमरेवर ठेवले आणि ओरडली, "अरे ए ताऱ्या! जरा मागे सर की! माझा भाऊ झोपत नाही तुझ्यामुळे."

तारा दचकलाच. "मला म्हणालीस?"

"मग दुसरा कोण आहे इथे एवढा?"

अगं, त्याला इतका आनंद झाला! आजवर त्याच्याशी कुणी धड बोललंच नव्हतं, बरं का. तो लगेच मागे सरला. भोपळ्याचा नारळ झाला. येसूने वळून अंगणात बघितलं, पण आईच्या मांडीवर बाळ काही झोपेना.

"आणखी सर," येसू म्हणाली. तो आणखी सरला. नारळाचं लिंबू झालं. बाळाने नुसती जांभई दिली, पण झोप नाहीच.

"आणखी एकदा सर ना रे."

आता मात्र तारा घुटमळला. "सरतो. पण येसू, याच्यापुढे गेलो तर मी कुणाला दिसायचा नाही. आणि आमच्यात असं आहे, की ज्या ताऱ्याकडे रोज एक तरी माणूस बघतं, तोच जगतो. माझ्याकडे कोण बघणार?"

"मी बघीन," येसू म्हणाली. "आईशप्पथ."

मग गेला बाई तो. लांब, लांब, चांदण्यांच्याही पार पलीकडे. शिंपलेवाडीवर पहिल्यांदा काळोख पडला. आणि बाळाने मूठ मिटली, डोळे मिटले, गाढ झोपलं. आईने पोराच्या कपाळावरून हात फिरवला, आणि तिला पुन्हा रडू आलं. हे रडणं वेगळं हो.

दिवेलागण नुकतीच झाली होती. येसू शब्द पाळायला अंगणात आली, दक्षिणेला तोंड करून बघायला लागली. तारा काही दिसेना. डोळे मोठे केले, तरी नाही. हाताची नळी करून बघितलं, तरी नाही. इतक्यात लांबून बारीक आवाज आला, "येसू... बघतेयस ना गं? मला गार वाटायला लागलंय..."

येसू धावत सुटली पाटीलबाबांकडे. "पाटीलबाबा, चला लवकर! तारा हरवलाय. तो मरेल हो!"

पाटीलबाबा मोठे उत्साही गृहस्थ. "हरवला? मग बघता काय! आणा मशाली!"

हसताय काय? त्या गावची रीतच होती, वस्तू हरवली की आधी दिवा लावायचा. सुई हरवली, लावा दिवा. कोंबडी हरवली, लावा दिवा. झालं! कुणी समई आणली, कुणी कंदील, कुणी मशाली. सगळा किनारा लख्ख. आणि वर बघतात तर आभाळ कोरं! भोपळ्या राहू दे, होत्या त्या चांदण्यासुद्धा गेल्या.

"अहो, विझवा ते दिवे!" येसू ओरडली.

"शिव शिव शिव!" बायका म्हणाल्या. "घरात लक्ष्मी यायची वेळ, आणि दिवा विझवायचा? भलतंच काय बोलतेस, कार्टे!" कुणी फुंकर मारायला तयार होईना. आणि तिकडे आवाज आणखी बारीक झाला.

येसूची आई तिथेच आपल्या अंगणाशी उभी होती, खांद्यावर झोपलेलं बाळ. ती कुणाशी वाद घालत बसली नाही. कोंबड्या झाकायचं डालगं असतं ना, घट्ट विणलेलं? ते तिने एका हाताने उचललं आणि अलगद आपल्या दिव्यावर ठेवलं. म्हणाली, "विझवला नाही हो. नुसता निजवला. लक्ष्मीला सांगीन मी, पोर झोपलंय, हळू ये."

मग सगळ्यांना सुचलं. गावभरची डालगी आली, मोठाल्या टोपल्या, हारे आले. मशाली काही डालग्याखाली मावेनात, त्या पाटलांच्या वाड्याआड नेऊन वाळूत रोवल्या. एकेक दिवा निजला. पुन्हा काळोख झाला आणि चांदण्या परत आल्या. पण भोपळ्या? छे! सगळा गाव डोळे फाडून बघतोय, आणि तो नाहीच.

येसूचा धीर सुटला. "मी त्याला पाठवलं गं आई," म्हणाली, आणि आईच्या कुशीत तोंड खुपसायला तिने मान वळवली. तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी लुकलुकलं. ती झटकन तिकडे वळली, तर गायब. पुन्हा मान वळवली, तर आहे! "आई, तो लाजतोय! टक लावून नका बघू. बाजूला बघा, जरासं बाजूला!"

मग काय मजा! सगळा गाव मान अवघडल्यासारखा तिरका उभा राहिला. आणि एकेक जण म्हणायला लागला, "हो की! दिसला! तो बघा, तांबूस!" लांबून आवाज आला, "दिसलो का? सगळ्यांना? आता नाही हो गार वाटत."

पाटीलबाबा म्हणाले, "अरेरे, एवढा थोरला भोपळ्या, आणि तांदळाची कणी झाला!"

"कणी नाही झाला, पाटीलबाबा," येसू म्हणाली. "आहे तेवढाच आहे. आमचा बाळ झोपावा म्हणून लांब उभा राहिलाय."

पाटीलबाबांनी पुन्हा मान तिरकी केली. मग बाळ मोठा झाला, येसू म्हातारी झाली, सगळे पोटभर जेवले आणि गाढ झोपले. पण त्या गावात अजून रीत आहे. रात्री सगळ्यांत शेवटी जो निजतो, त्याने दिवा डालग्याखाली ठेवायचा आणि एकदा दक्षिणेकडे तिरकं बघायचं.

बाळ्या, ऐकतोयस ना? ...झोपला वाटतं. तनू, ते बघ, नारळाच्या शेंड्यावर. अंहं, टक नाही लावायची. डोळे अर्धे मीट. आणखी थोडे. दिसतोय का काही?

बरं बरं, राहू दे. मीट डोळे तू. आज मी आहे ना जागी, मी बघते त्याच्याकडे.