पेंढ्यात बसलेला उंदीर

गणपतीबाप्पा नुकतेच बोटीने परदेशी जाऊ लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. पेणच्या कारखान्यातून एका खोक्यात शाडूचे बाप्पा, त्यांच्या पायाशी शाडूचा उंदीर आणि भोवती ठासून भरलेला पेंढा, असे तिघे लंडनला निघाले.

उंदराला सारख्या गुदगुल्या होत होत्या. “पेंढेकाका, जरा सरका की! पाय पसरायलाही जागा नाही.”

“पोहोचल्यावर पसर,” पेंढा म्हणाला.

पण उंदीर कसला ऐकतोय! त्याने काडी काडी ओढून फटीतून बाहेर टाकली आणि ऐसपैस बसला. तेवढ्यात बोट एका अंगाला कलली. उंदीर घरंगळत फळीपर्यंत गेला आणि परत येताना बाप्पांच्या अंगठ्याला घासला.

“अरे गाढवा!” पेंढा ओरडला. “टवका उडाला तर? भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही. एवढ्या लांब जाऊन थेट विसर्जनच करून घ्यायचंय का?”

उंदराने झटकन पाय आखडले. उरलासुरला पेंढा त्याने दोन्ही हातांनी कवटाळला.

लंडनला एका मराठी घरात खोके उघडले, तेव्हा सगळे शाबूत होते. घरच्या काकू पेंढा काढू लागल्या, पण उंदीर शेवटची मूठ सोडेचना.

“राहू द्या ना हो काकू,” तो पुटपुटला, “अजून मिरवणूक व्हायचीय!”