सिंहासनावरची खुडूक कोंबडी

राजा भुजंगरावाच्या सिंहासनावर कोंबडी खुडूक बसली! आता आली का पंचाईत? दसऱ्याचा दरबार तोंडावर आलेला, आणि ही चंपाकळी मखमली गादीवर पिसं फुलवून ठाण मांडून बसलेली. अंडी घालणं बंद, पोटाखाली एक अंडं नाही, तरी बाईसाहेब ऊब देतायत! जवळ जाईल त्याला चोच. प्रधानजी तर अंगठ्याला चिंधी बांधून फिरत होते.

दुसरी कोंबडी असती तर राजाने तिचा रस्सा ओरपला असता. पण ही पडली लाडकी! त्याने कोंबड्या राखणाऱ्या भिवाला बोलावलं.

“दसऱ्याआधी ही आपणहून उठली पाहिजे! हात लावायचा नाही, ओरडायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही. नाही उठली तर तू राज्य सोडून चालता हो!”

भिवाने घरी येऊन राजाचा हुकूम सांगितला. त्याची लेक गोजरी परसातल्या कोंबड्यांतच वाढलेली. बापाचा उतरलेला चेहरा बघून तिला भडभडून आलं, आणि मग असा राग आला की विचारू नका.

“सिंहासन सोडेना ती कोंबडी, हट्ट सोडेना तो राजा, आणि गाव सोडायचं आपण? उठा आबा, बांबूच्या कामट्या घ्या!”

खुडूक कोंबडी झाली तरी दिवसातून एकदा दाण्यापाण्याला उतरतेच. गोजरी त्याचीच वाट बघत दरबारात बसली. चंपाकळी खाली उतरली मात्र, बापलेकीने गादी काढून बाजूला ठेवली, खालची फळी काढली आणि चौकटीवर कामट्यांची विरळ जाळी ठोकली.

चंपाकळी परतली, ऐटीत बसली. पण पोटाखाली ऊब कुठली? गार वारा! वर कामट्या टोचतायत. उठली, कुरकुरली, फिरून बसली. काही दिवस तिने हेका सोडला नाही. अखेर दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिचं अंग निवलं, आणि पंख झटकून ती उकिरडा उकरायला निघून गेली.

राजाला खरंच वाटेना.

“तू तिला हुसकावलंस! माझा हुकूम मोडलास! भिवा, बांध तुझं बोचकं!”

भिवा बोचकं बांधायला वळला. गोजरीने पदर खोचला.

“महाराज, तुम्ही स्वतः बसून बघा की!”

राजा तावातावाने जाऊन धपकन बसला. जरा वेळ मिशीला पीळ दिला. मग या अंगावर झाला, त्या अंगावर झाला, आणि “आई गं!” म्हणत ताडकन उभा राहिला!

“महाराज, तुम्हाला कुणी हात लावला?”

“नाही.”

“कुणी ओरडलं?”

“नाही.”

“उपाशी आहात?”

“छे! आत्ताच जेवलोय.”

“मग उठलात कसे?”

दरबारात सगळे जीव मुठीत धरून उभे. आणि राजा असा खदाखदा हसला की मुकुट घरंगळला!

“भिवा कुठेही जात नाही! पोरी, माग काय हवं ते!”

“ती मखमली गादी द्या. आमच्या घरची कोंबडीही खुडूक बसलीय, तिच्याखाली अंडी ठेवायचीत.”

“अगं, मग मी कशावर बसू?”

“फळीवर बसा की, महाराज! तुम्हाला कुठे अंडी उबवायचीत?”

राजा पोट धरधरून हसला. गादी तर दिलीच, वर गोजरीच्या हातात सोन्याचं कडं घातलं.