थोरल्या लेन्सचा रुसवा

फार जुनी गोष्ट नाही, पण तेव्हा लेन्सही बोलत. मृण्मयी गिधाडांची राखण करणाऱ्या धर्माआजोबांवर फिल्म करत होती. ती रोज धाकटी लेन्सच कॅमेऱ्यावर चढवी. थोरली, लांब लेन्स पिशवीत जळफळे.

"या बोटभर पोरीत काय आहे एवढं?"

धाकटी म्हणाली, "ताई, आजोबांची खोली लहान आहे. तिथं तुला मागे सरायला जागा नाही."

थोरलीनं रागानं आपलं फोकसचं कडं आवळून घेतलं.

शेवटच्या दिवशी आजोबा ओरडत आले, "पोरी, डोंगरकड्यावरचं गिधाडाचं पिल्लू उडायला निघालंय!"

मृण्मयीनं लगेच थोरलीला चढवलं. तिचं कडं काही फिरेना, चित्र धूसरच राहिलं. तिनं घाईनं धाकटी बसवली, पण तिच्यातून पिल्लू तिळाएवढंही दिसेना. तेवढ्यात ते उडून गेलं.

धाकटी कळवळली, "ताई, हे फक्त तुलाच दिसलं असतं गं."