माळढोकाच्या जोडीवर टांगलेली गादी

सोनवडी संस्थानात एक रीत होती. स्वतःच्या हाताने माळढोक मारल्याशिवाय कोणी गादीवर बसायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती इतक्या निष्ठेने पाळली गेली, की माळावर या पक्ष्याची एकच जोडी उरली. तीही टिपायला राजेसाहेब हौसेने बंदूक घेऊन निघाले.

पक्ष्यांचे अभ्यासक रिसबूड वाटेत आडवे आले. "सरकार, जो जीव आपल्याला घडवता येत नाही, त्याचा वंश संपवायचा आपल्याला अधिकार नाही."

"नीती कीर्तनात सांगा, रिसबूड." सोबतचे मानकरी नेमाने हसले.

"बरं. मग युवराजांचा गादीवरचा हक्क गेला, अशी दवंडी पिटवू?"

"जीभ आवरा! का म्हणून?"

"त्यांनी अजून माळढोक मारलेला नाही. ही जोडी आज संपली, तर ते मारणार काय? पक्ष्याबरोबर आपल्या घराण्याचं राज्यही संपलं."

मानकऱ्यांना हसावं की नाही, ते कळेना. राजेसाहेबांनी बंदूक खाली केली आणि माळावर पहारा बसवायचा हुकूम सोडला.

मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि उद्या युवराजांनी ही जोडी मारली तर?"

"तोवर त्यांच्याही घरी पाळणा हलला असेल, सरकार."